खालची खोली रिकामी नाही

माझ्या दादाला कुणालाही नाही म्हणता येत नाही. लहानपणी त्याची सायकल अख्खी गल्ली फिरवायची आणि हा शाळेत चालत जायचा. स्वतःच्या लग्नात त्याचा नवाकोरा कोट एका मित्राने 'जरा घालून बघतो' म्हणून घेतला, तो जेवणं उरकेपर्यंत काढलाच नाही. फोटोत मित्रच नवरा वाटतो. वहिनी तो अल्बम अजून कुणाला दाखवत नाही. असा माणूस पुढे भाव ठरवायच्या धंद्यात पडेल आणि त्यात नाव काढेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्या माणसाला आधी अण्णांकडे डोळे तपासायला पाठवलं असतं.

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आमच्याच घराच्या तळमजल्यावर, बाजूच्या बोळात दार उघडणाऱ्या खोलीत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर उंच खुर्ची, खिडकीपाशी काचा घासायचं यंत्र. उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांना एकच प्रश्न विचारला, "आत्ता बरं दिसतंय, की मघाशी?" आई गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं, यंत्र विकलं आणि वरच्या मजल्यावरचं आपलं अंथरूण उचलून त्याच खोलीत राहायला आले. तक्ता आणि खुर्ची तेवढी ठेवली. सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी ते खुर्चीत बसायचे आणि एक डोळा हाताने झाकून वरून खालपर्यंत अक्षरं वाचायचे. मग दुसरा डोळा. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतोच.

मग त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू झाला. खालच्या ओळी दिसेनाशा झाल्या तेव्हा म्हणाले, तक्ताच जुना झालाय, शाई उडालीय. त्या तक्त्याची शाई माझ्या डोक्यावरच्या केसांपेक्षा काळी आहे, पण चष्मेवाल्याला चष्मा दाखवणार कोण? शेवटी मीच त्यांना घेऊन गेले. डोळ्यांचा दवाखाना माझ्या घराजवळ, शहराच्या दुसऱ्या टोकाला. एक डोळा झाला की काही दिवसांनी दुसरा, मधे थेंब घालायचे, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. ठरलं असं की महिनाभर अण्णांनी माझ्याकडे राहायचं आणि मग आपल्या खोलीत परत जायचं. ते एक बॅग घेऊन आले. चार जोड कपडे, दाढीचं सामान, रेडिओ. महिनाभराला पुरेल एवढंच.

नेमकी त्याच सुमाराला दादाची नोकरी गेली. मालवाहतुकीच्या कंपनीत तो बिलं बघायचा. कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि बिलं बघायला तिच्याकडे तिची माणसं होती. दादा घरी बसला. घरी बसलेला पुरुष काय करतो? फ्रिज उघडतो आणि बंद करतो. वहिनीने आठवडाभर ते बघितलं आणि म्हणाली, "खालची खोली नाहीतरी महिनाभर रिकामीच आहे. ते अ‍ॅप असतं ना, पाहुण्यांना एकदोन रात्रींसाठी खोली देतात त्याचं, त्यावर टाका. समोरचे दाताचे डॉक्टर वरचा मजला देतात, चांगलं चालतं म्हणे."

सुरुवात एवढ्या साध्या गोष्टीने झाली. हे मी दादाच्या बाजूने सांगतेय. पुढचं सगळं त्याच्या बाजूने सांगता येणार नाही.

दादाने खोलीला पांढरा रंग दिला. अण्णांची कॉट काढून रुंद पलंग आणला, कपाट वर नेलं, खुर्ची जिन्याखालच्या अडगळीत गेली. तक्ता तो काढणारच होता, पण फोटो काढायला आलेल्या पोरीने त्याचा हात धरला. "काका, हेच तर वेगळं आहे!" मग तक्त्याला काचेची चौकट आली आणि तो खिडकीजवळून उठून पलंगाच्या डोक्याशी गेला. पहिल्याच पाहुण्यांनी त्याच्याखाली बसून फोटो काढले आणि पाच तारे दिले. 'गमतीशीर खोली, प्रेमळ यजमान.' दादाने ते वाक्य मला फोनवर तीन वेळा वाचून दाखवलं.

प्रेमळ तर तो होताच. आणि आता त्याचा प्रेमळपणा विकला जायला लागला. पाहुणे आले की अर्ध्या तासाने तो चहाचा ट्रे घेऊन खाली जायचा. आधी नाही, कारण माणसाला हातपाय धुवायला वेळ लागतो. नंतर नाही, कारण मग ते बाहेर पडतात. हसून म्हणायचा, "घर शोधायला त्रास नाही ना झाला?" चादरी फक्त पांढऱ्या, कारण पांढऱ्याला डाग पडला तर तो काढता येतो आणि काढला हे पाहुण्याला दिसतं. भिंतीवर नियमांचा छापील कागद: दुपारी दोनला प्रवेश, सकाळी अकराला खोली सोडणे, जाताना चादरी काढून टोपलीत, किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या डबीत परत. कृपया फर्निचर हलवू नये.

पण त्याची खरी करामत भावात होती. समोरचा दंतवैद्य वर्षभर एकच भाव लावायचा. दातासारखाच, उपटायचा तर एकदाच. दादा रोज सकाळी शहरात कुठे काय आहे ते बघायचा. मोठ्या मैदानावर सामना असला की भाव चढा. प्रदर्शन असलं की त्याहून चढा. विद्यापीठाच्या परीक्षा असल्या की थोडा उतरता, कारण आईबाप मुलांसोबत येतात आणि त्यांचा खिसा आधीच हलका झालेला असतो. दोन बुकिंगांच्या मधे एखादी एकटी रात्र अडकली, तर ती सहसा जात नाही. लोकांना दोन रात्री तरी हव्या असतात. अशा रात्रीला दादा 'पोरकी रात्र' म्हणायचा. तिचा भाव त्याने असा लावून ठेवला होता, की ती जवळ येईल तसतसा तो आपोआप उतरत जाईल, कुणीतरी उचलेपर्यंत. "रिकामी रात्र म्हणजे नासलेलं दूध," तो म्हणायचा. मी म्हटलं, "बघा हो, बिलं बघणारा माणूस तत्त्वज्ञ झाला." तो खूष झाला.

महिना संपला. अण्णांचा दुसरा डोळाही झाला आणि छान झाला. माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी समोरच्या इमारतीवरच्या टाकीचं नाव वाचलं, मग माझ्या ओट्याखालची जळमटं दाखवली. म्हटलं, आता यांना घरी पोचवायलाच हवं.

"हो हो, या ना," दादा फोनवर म्हणाला. "फक्त या शनिवारी एक जोडपं आहे, मग सोमवारी..." सोमवारी प्रदर्शनवाले होते. तेवढे झाल्यावर परीक्षा. दादाने प्रामाणिकपणे एक तारीख धरली आणि अ‍ॅपवर ते दिवस बंद केले. बंद केलेले दिवस तिथे राखाडी दिसतात. मला त्याने फोटो पाठवला: हे बघ, राखाडी, अण्णांचे दिवस. मी अण्णांना दाखवला. अण्णांनी नव्या डोळ्यांनी तो चौकोन निरखून बघितला आणि खूष झाले.

मग त्या दिवसांत शहरात कसलीशी मोठी परिषद ठरली. समोरच्या दंतवैद्याचा वरचा मजला झटक्यात गेला. दादाने रात्रभर तग धरला असेल, सकाळी राखाडी दिवस उघडले आणि तेच दिवस पुढच्या महिन्यात सरकवले. पुढच्या महिन्यातही कुणीतरी आलंच. अण्णांची तारीख अशी पुढे पुढे जात राहिली. एकदा आलेलं बुकिंग यजमानाने मोडलं तर अ‍ॅप दंड लावतं, तारे कापतं, नावापुढचं 'उत्तम यजमान' काढून घेतं. वडिलांना पुढे ढकलल्याबद्दल अ‍ॅप काहीही कापत नाही. उभ्या जन्मात कुणाला नाही न म्हटलेल्या माझ्या भावाला नाही म्हणायला अखेर एक माणूस सापडला होता.

मी भांडले नाही असं समजू नका. मी काय ऐकून घेणाऱ्यातली नाही. "दादा, त्यांनी एक बॅग आणलीय. एक! त्यांना आता थंडीचे कपडे लागतील."

"मी पाठवतो ना कपडे."

"कपडे पाठवतोस? खोली पाठव!"

तो बारीक आवाजात म्हणाला, "घर त्यावर चाललंय गं. नोकरी मिळू दे फक्त." ते खोटं नव्हतं. त्याने अर्ज केले होते, त्याच्या वयाला कुणी दारात उभं करत नव्हतं. खोटं एवढंच होतं, की आता तो अर्ज करायचा थांबला होता. वहिनीने मला ते सांगितलं, जिन्यात, हळूच, आपणच चोरी केल्यासारखं तोंड करून.

अण्णांनी मात्र कधी कुरकुर केली नाही. माझ्याकडे त्यांना काही कमी नव्हतं. माझी लेक, तिला सगळे चिऊ म्हणतात, तिने आपली खोली त्यांना दिली होती आणि स्वतः हॉलमध्ये झोपायची. तेच त्यांना टोचायचं. सकाळी उठून ते चिऊच्या खुर्चीत बसायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघायचे. भिंतीवर चिऊच्या आवडत्या गायकाचं पोस्टर. एक डोळा झाकून ते त्या गायकाकडे बघायचे, मग दुसरा झाकून. एकदा मी म्हटलं, "डॉक्टरांनी तपासलेत ना डोळे? उत्तम आहेत म्हणाले." अण्णा म्हणाले, "ते त्यांच्या तक्त्यावर. मला माझ्या तक्त्यावर बघायचंय. शेवटची ओळ मी किती वर्षांत वाचली नाही." मग जरा लाजून म्हणाले, "चाळाच आहे म्हण."

हे मी दादाला सांगितलं. मला वाटतं त्याला ते लागलं, कारण दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला आणि त्याने अण्णांनाच मागितलं. "अण्णा, मंगळवारची रात्र मोकळी आहे. या तुम्ही. बुधवारी दुपारी मीच सोडतो परत."

मी फोन हिसकावला. "पोरकी रात्र देतोयस? स्वतःच्या बापाला?"

"अगं, शुक्रवारपर्यंत सगळं भरलंय, पुढे सामना आहे..."

अण्णांनी माझ्या हातातून फोन हळूच काढून घेतला. "मंगळवार चालेल," ते म्हणाले. "एक रात्र तर एक रात्र."

मंगळवारी जेवण झाल्यापासून ते तयार होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, बॅग दाराशी, स्वतः दाराशेजारच्या स्टुलावर. दादा पाच वाजता येणार होता. चारच्या पुढे फोन वाजला आणि मला दादाचा श्वास ऐकूनच कळलं. ती रात्र गेली होती. पाण्याचे पंप विकणारा कुणी माणूस होता, त्याला ऐनवेळी खोली हवी होती. भाव उतरत उतरत तळाला आला होता आणि त्याने उचलली. "मी ती बंद करायला विसरलो," दादा म्हणत होता, "अ‍ॅपने आपोआप दिली, मी काही केलं नाही गं." मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, चिऊ वाचेल.

अण्णांनी बूट काढले. मोजे घडी करून बुटात ठेवले. बॅग आत नेताना म्हणाले, "बिचाऱ्याला झोपायला जागा मिळाली हे बरं झालं." टोमणा नव्हता तो. अण्णांना टोमणा मारता आला असता तर आमच्या घरातले अर्धे प्रश्न सुटले असते.

दोनतीन दिवसांनी त्यांनी चिऊला विचारलं, "ती मामाची खोली आहे ना, तिथे राहायचं असेल तर लोक नेमकं काय करतात?" चिऊने दाखवलं. तिला वाटलं, आजोबांना फोनमधली गंमत बघायचीय. फोटो बघितले, तक्ता मोठा करून बघितला, नियम वाचले. येत्या शनिवार-रविवारच्या दोन रात्री तेवढ्या शिल्लक होत्या, कारण मैदानावर अंतिम सामना होता आणि दादाने भाव इतका चढवला होता की अजून कुणाची हिंमत झाली नव्हती.

"आजोबा, हा खूप जास्त आहे. पुढच्या महिन्यात स्वस्त मिळेल."

"पुढच्या महिन्यात नको. तो सरकतो," अण्णा म्हणाले आणि बँकेचं कार्ड काढलं.

चिऊच्या खात्यावरून बुकिंग झालं. नाव: चिऊ. पाहुणे: एक. दादाकडे सगळं आपोआप मंजूर व्हायचं, पाहुण्यांची नावं तो बघायचाही नाही. लगेच तिच्या फोनवर त्याचा ठरलेला निरोप आला: 'प्रिय पाहुणे, मनःपूर्वक स्वागत. आपल्याच घरी येताय असं समजा.' खाली डबीचा आकडा. अण्णांनी तो चिऊकडून दोनदा वाचून घेतला. चिऊने मला शनिवारी सकाळी सांगितलं, तिला राहवेना म्हणून. मी थांबवू शकले असते. कशाला थांबवू? मी गाडीची किल्ली घेतली.

बोळात शिरल्यावर अण्णा वरच्या घंटीकडे गेलेच नाहीत. खालच्या दाराशी गेले, डबीवर वाकले, चष्म्याशिवाय आकडे फिरवले आणि किल्ली काढली. दोन वाजून गेले होते. दार उघडून आधी बूट काढले, मग आत पाऊल टाकलं. मी मागे उभी. खोलीला कसलातरी फुलांचा कृत्रिम वास होता. अण्णा सगळीकडे नीट बघत होते, पांढऱ्या भिंती, पांढरा पलंग, पांढरे टॉवेल हंसाच्या आकाराचे. मग तक्त्यासमोर आले. पण तक्ता पलंगाच्या डोक्याशी होता आणि जेवढ्या अंतरावरून तो वाचायचा असतो तिथे नेमकं नवं टेबल होतं. वर काच, काचेत खिडकी चमकत होती. मी टेबलाला हात घातला तर म्हणाले, "नको. नियमात लिहिलंय, हलवायचं नाही." आणि ते पलंगाच्या कडेला टेकले, तक्त्याकडे पाठ करून, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती.

अर्ध्या तासाने जिन्यावर पावलं वाजली. कपांची किणकिण. दार वाजलं, उघडलं, आणि ट्रेवर नजर ठेवून, चहा सांडू नये म्हणून, दादा हसत आत आला. "घर शोधायला त्रास नाही ना झाला?"

"नाही," अण्णा म्हणाले. "पत्ता पाठ होता."

दादाने वर बघितलं. ट्रे पडला नाही, तसं काही सिनेमासारखं झालं नाही. त्याने तो अगदी जपून टेबलावर ठेवला आणि हात तसेच पुढे धरून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, परत अण्णांकडे बघितलं. मला केवढी मजा येणार होती त्या क्षणाची, गाडीत मी तेच घोकत आले होते. माझ्या भावाचा चेहरा बघितला आणि माझी मजा कुठल्या कुठे गेली.

"अण्णा, तुम्ही... बुकिंग... मी पैसे आत्ता परत करतो. लगेच होतात."

"कशाला? खोली चांगली ठेवलीयस. भाव थोडा जास्त वाटला, पण सामना आहे ना." ते खरंच मनापासून बोलत होते. "चहा यातच आहे का रे?"

दादा खाली बसला. जमिनीवर, नव्या फरशीवर. वहिनी जिन्यात येऊन उभी राहिली आणि पदराने तोंड दाबून तशीच वर गेली. अण्णा टोचून बोलले असते, ओरडले असते, तर दादा सुटला असता. रडला असता, पाया पडला असता, मोकळा झाला असता. पण गिऱ्हाईक तक्रारच करत नसेल तर माफी कुणाची मागायची?

दोन रात्री अण्णा तिथे राहिले. वर चला म्हटलं तर म्हणाले, मी खालची खोली घेतलीय. जेवायला बोलावलं की हात धुऊन यायचे, जेवण छान झालंय म्हणायचे, आपलं ताट उचलायचे. दादा रविवारी दिवसभर जिन्यात बसून होता. मी संध्याकाळी गेले तेव्हा त्याने मला शेजारी बसवलं.

"मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला.

"काय?"

"मंगळवार. बंद करायला विसरलो नव्हतो. बोट त्या दिवसावरच होतं. म्हटलं, राहू दे संध्याकाळपर्यंत उघडा, एवढ्या उशिरा कोण येतंय. नाही गेला तर अण्णा आहेतच." त्याने डोळे चोळले. "मी अण्णांना शिल्लक धरलं गं. गेला तर पैसे, नाही गेला तर अण्णा. तळाच्या भावाला गेली ती रात्र. तेवढ्यात तर नव्या चादरीसुद्धा येत नाहीत."

मला बोलायला खूप काही होतं, सगळं तयार होतं. पण खाई त्याला खवखवे, आणि तो इतका खवखवला होता की त्यात मी काय भर घालणार? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेवढा.

सोमवारी सकाळी अकराला अण्णा तयार होते. चादरी काढून घडी केल्या होत्या, टोपलीत टाकल्या होत्या. कचऱ्याची पिशवी दारात. हंस त्यांनी उलगडलेच नव्हते, आपलाच पंचा वापरला होता. दादा म्हणाला, "अण्णा, मी आजचं बुकिंग मोडतो. कुठे जाऊ नका. मी सगळंच बंद करतो."

"असं कसं मोडतोस? त्यांची गाडी सुटली असेल. ते येऊन कुठे राहतील?"

"कुठेही राहतील!"

"अरे, पैसे भरून येतायत ते," अण्णा म्हणाले, समजावल्यासारखं. किल्ली डबीत ठेवली, आकडे फिरवून डबी बंद झाल्याची खात्री केली आणि माझ्या गाडीत येऊन बसले. "मला खिडकीची बाजू दे," म्हणाले. वाटेत दुकानांच्या पाट्या वाचत होते, सगळ्यात लहान अक्षरांच्यासुद्धा.

दादाने त्या दिवशी आलेल्या जोडप्याला चहा नेऊन दिला. ते शेवटचे. ते गेल्यावर त्याने खोली अ‍ॅपवरून काढली आणि पुढे भरलेली सगळी बुकिंगं मोडली. दंड बसला, तारे गेले, 'उत्तम यजमान' गेलं. समोरच्या दंतवैद्याने त्याला दुसऱ्याच आठवड्यात बोलावून आपल्या वरच्या मजल्याचे भाव बघायला ठेवलं, मग डॉक्टरच्या मेहुण्याचे दोन फ्लॅट आले. आता दादा लोकांच्या खोल्यांचे भाव ठरवतो, आणि कामाला हात लावण्याआधी प्रत्येक मालकाला विचारतो, "इथे आधी कोण राहायचं?" मालकांना वाटतं, हा फोटोखाली लिहायला माहिती काढतोय.

खोली काढली तरी अ‍ॅप त्याचा पिच्छा सोडेना. पाहुणा राहून गेला की ते यजमानालाही विचारतं. रोज त्याच्या फोनवर यायचं: 'चिऊ यांचा मुक्काम कसा झाला? या पाहुण्याला पुन्हा ठेवाल का?' खाली 'हो' आणि 'नाही'. दादाला दोन्हींवर बोट ठेवता येईना. मुदत संपून तो प्रश्न आपणहून गेला तोवर त्याने कशावरच दाबलं नव्हतं.

त्याने खोली होती तशी केली. जुनी कॉट, कपाट, खिडकीजवळ तक्ता, काच काढून. खुर्ची अडगळीतून काढून पॉलिश केली. अंतर स्वतः टेपने मोजलं. मग तो अण्णांना न्यायला माझ्याकडे आला, गाडी दारात लावून, नव्या शर्टात.

"चला अण्णा, घरी."

अण्णांनी बॅग भरायला घेतली. चार जोड कपडे, दाढीचं सामान, रेडिओ. भरता भरता थांबले. "कधीपर्यंत आहे?"

"कधीपर्यंत म्हणजे? तुमची खोली आहे अण्णा. कायमची."

"हो, ते झालंच," अण्णा म्हणाले. "पण निघायचं किती तारखेला? म्हणजे हिला तसं सांगून ठेवतो." हिला म्हणजे मला.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी चिऊच्या खोलीतली चादर बदलायला निघून गेले, नाहीतर मी तिथेच बसले असते रडत.

आता अण्णा आपल्या खोलीत आहेत. सकाळी खुर्चीत बसून तक्ता वाचतात, शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता. तब्येत बरी आहे. पण बॅग अजून रिकामी होत नाही. कपडे तिच्यातून काढतात, धुऊन तिच्यातच ठेवतात. कपाट रिकामं आहे. अकराच्या सुमाराला चादर झटकल्याचा आवाज वर ऐकू येतो आणि वहिनी म्हणते, दादा त्या वेळी हातातलं काम थांबवून बसतो. त्याने किती वेळा सांगितलं. "हो रे, कळतंय मला," अण्णा म्हणतात, आणि दुसरा टॉवेल हवा असला की जिन्याशी येऊन विचारतात, आहे का म्हणून.

फिरायला जाताना ते किल्ली आकड्यांच्या डबीत ठेवून जायचे. दादाने खिशात ठेवा म्हटलं, किल्लीला जुन्या दुकानाची पितळी पट्टी लावून दिली. काही फरक पडला नाही. शेवटी गेल्या रविवारी त्याने स्क्रू काढून ती डबी भिंतीवरून उपटली आणि कचऱ्यात टाकली. संध्याकाळी अण्णा फिरायला निघाले. दाराला कुलूप लावलं, डबीच्या जागी भिंतीत दोन भोकं दिसली, ती त्यांनी बोटाने चाचपली. मग इकडेतिकडे बघितलं आणि किल्ली खाली उंबऱ्यावर ठेवली, पुढच्या माणसाला सहज दिसेल अशी. दादा वरच्या खिडकीतून बघत होता. तो खाली गेला आणि अण्णा परत येईपर्यंत त्या उंबऱ्याशेजारी बसून राहिला.